सोलापूरचे पंख्याचे विमान आणि केमचा व्यापारी

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान होते एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे, आणि कंपनी होती गोव्याची 'फ्लाय ९१'. जिल्ह्यात त्याचे कौतुक झाले, तशी काहींनी नाकेही मुरडली. जेटच्या जमान्यात पंख्याचे विमान कशाला, मोठ्या शहरांनी टाकून दिलेला माल आपल्या माथी मारला काय, असा सूर निघाला. हा सूर व्यापारी माणसाने लावावा याचे आम्हाला नवल वाटते. पंख्याचे विमान हा जुना माल नव्हे, तो हिशेबाचा माल आहे. याच जातीचे विमान सोलापूरला पूर्वीही एकदा येऊन गेले आहे. ते आले कसे आणि गेले का, हे समजल्याशिवाय नव्या विमानाचे भवितव्य कळणार नाही.

केमसारख्या गावाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. केम म्हटले की कुंकू, हे समीकरण साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक आहे. आपल्या घरात कुंकवाचा वापर नसला तरी पंढरपूर, तुळजापूरच्या बाजारांत दुकान मांडणाऱ्या मणियार आणि अत्तार बांधवांना केमचा माल चांगलाच परिचयाचा आहे. शिवाय करमाळा तालुक्यातील केळी, जिल्ह्यातील डाळिंब, सोलापूरची चादर आणि टॉवेल या सर्व धंद्यांत बागवान, मोमीन आणि इतर बांधव पिढ्यानपिढ्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी विमान येते तेव्हा त्याचा फायदा कोणाला आणि किती, हे आधी पाहून ठेवणे हा धंद्याचाच भाग आहे.

पंखा कसा परवडतो

प्रथम यंत्राविषयी थोडे. पंख्याचे म्हणून या विमानात मोटारीसारखे दट्ट्याचे इंजिन असते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. आत जे फिरते ते जेटसारखेच टर्बाइन असते. फरक इतकाच की जेटमध्ये जोर मुख्यतः मागे फेकलेल्या हवेतून मिळतो, तर येथे टर्बाइनची प्रचंड गती दातेरी चक्रांच्या पेटीतून उतरवून पंख्याला दिली जाते. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, पंखा जास्तीत जास्त बाराशेच्या आसपास. ज्यांनी यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटारीच्या लहान पुलीवरून पट्टा मोठ्या पुलीवर गेलेला पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. गती घटते, जोर वाढतो. सुमारे १३ फूट व्यासाचा, सहा पात्यांचा पंखा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो. थोडी हवा फार वेगाने ढकलण्यापेक्षा हे काम कमी इंधनात होते.

हिशेब असा. एटीआर ७२ तासाला साधारण साडेसहाशे ते आठशे किलो इंधन पिते. १८० खुर्च्यांचे एअरबस जेट त्याच एका तासात सुमारे चोवीसशे किलो पिते. जेटचा वेग अधिक, हे खरे. पण सोलापूर ते गोवा हे अंतर सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या घरात आहे. एवढ्या अंतरात जेट उंच चढते न चढते तोच त्याला उतरायला लागावे लागते. वेगाचा फायदा दहा-पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही, आणि त्या १८० खुर्च्या रोज भरणार कोण? ७० माणसे मिळवणे कठीण, तेथे १८० कोठून आणायची?

या विमानात कारागिराने पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक जेट विमानांच्या शेपटीत एक लहानसे जादा इंजिन असते. विमान उभे असताना वीज आणि थंड हवा त्यातून मिळते. एटीआर बनवणाऱ्यांनी ते ठेवलेच नाही. त्याऐवजी उजव्या बाजूचे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने रोखून धरण्याची सोय केली. तेच इंजिन वीज देते. एक इंजिन वाचले, त्याचे वजन वाचले, त्याची दुरुस्तीही वाचली. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या दाराने भरले जाते, म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी उरकतात. जिना विमानाच्या दारालाच असतो. लहान गावात उतरायचे, अर्ध्या तासात निघायचे आणि कोणाच्या मोठ्या सामग्रीवर अवलंबून राहायचे नाही, अशा बेताने ते बनवले आहे.

फ्रान्स आणि इटली येथील कारखानदारांनी १९८१ साली एकत्र येऊन ही कंपनी काढली. लहान एटीआर ४२ ने १९८४ साली पहिले उड्डाण केले आणि मोठ्या एटीआर ७२ ने १९८८ साली. सोलापूरला येणारा प्रकार त्यातला नवा, म्हणजे ६०० मालिकेचा. तो २०११ साली सर्वप्रथम मोरोक्कोच्या 'रॉयल एअर मारोक' या कंपनीने वापरात आणला. तेव्हा जुना माल ही तक्रार येथेच निकालात निघते.

पंख्याची विमाने आपल्या देशाला नवी नाहीत. इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली व्हायकाउंट आणली, १९६१ साली फोकर फ्रेंडशिप, आणि पुढे १९६७ पासून कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ॲव्हरो. नंतर जेट आले आणि कंपनीचे लक्ष मोठ्या शहरांकडे गेले. लहान गावांसाठी १९८१ साली 'वायुदूत' ही सरकारी कंपनी निघाली. तिची १९ आसनी डॉर्नियर विमाने देशभर फिरली आणि १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे लहान गावांना फारसा वाली नव्हता.

किंगफिशरचा ताफा

एटीआरला खरा जोर आला तो २००३ साली. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला वापरलेल्या एटीआर ४२ विमानांवर बंगलोर-हुबळी सेवा सुरू केली. स्वस्त तिकीट, खाणे नाही, थाट नाही. सरकारचे धोरणही लहान विमानांना अनुकूल झाले. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना सरकारी विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ झाले. ४० टनांहून कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकर ४ टक्क्यांवर आला, जेव्हा अनेक राज्यांत मोठ्या विमानांचे इंधन त्याच्या कितीतरी पट कर भरत होते. एटीआर ७२ चे भरलेले वजन २३ टनांच्या आसपास असल्याने ते दोन्ही सवलतींत सहज बसते.

किंगफिशर एअरलाइन्स ९ मे २००५ रोजी आकाशात आली. विजय मल्ल्यांच्या बिअरवरूनच कंपनीचे नाव पडले, हे वाचकांना ठाऊक आहे. सुरुवात मोठ्या जेटने झाली, पण पुढच्याच वर्षापासून तिच्या ताफ्यात नवी कोरी एटीआर ७२ विमाने दाखल होऊ लागली. २००७ साली मल्ल्यांनी एअर डेक्कनमध्ये भागीदारी घेतली, २००८ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि डेक्कनची पंख्याची विमानेही किंगफिशरच्या लाल रंगात रंगली. मोठ्या शहरांपासून लहान गावांपर्यंत जाण्याचे कंपनीचे अर्धे बळ या विमानांत होते. महाराष्ट्रात नांदेड, लातूर, कोल्हापूर ही नावे नकाशावर आली ती त्यांच्यामुळेच. सोलापूर-मुंबई सेवाही याच एटीआरवर काही काळ चालली आणि २०१० च्या सुमारास थांबली.

थांबली का? सोलापूरकरांत उत्साह नव्हता, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रवासी कमी होते हे मान्य केले तरी ते अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे कंपनीच्या खतावणीत आहे. २००८ च्या जुलैत कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. त्याच वर्षी किंगफिशरने बंगलोरहून लंडनची सेवा सुरू केली. एका हाताने डेक्कनचे तोटे घेतले, दुसऱ्या हाताने परदेशी उड्डाणांचा खर्च, आणि हे सारे कर्जावर. असा तंबू वाकू लागला की प्रथम कडेचे खुंटे निघतात. सोलापूर, कोल्हापूर हे कडेचे खुंटे होते. २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीची सर्व उड्डाणे बंद झाली. कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले आणि बँकांचे देणे व्याजासह ९ हजार कोटी रुपयांच्या घरात गेले. मार्च २०१६ मध्ये मालक देश सोडून गेले.

या साऱ्यात एटीआर विमानाचा दोष आम्हाला कोठे दिसत नाही. तीच जात आज देशात अनेक कंपन्या चालवतात. अलायन्स एअर चालवते, इंडिगोनेही २०१७ च्या अखेरीस ती घेतली. चालणारे दुकान न चालणाऱ्या दुकानाच्या व्याजात बुडाले, हा प्रकार आपल्या पेठांतही नवा नाही.

येथे एक बाब व्यापारी बांधवांनी मुद्दाम पाहावी. विमान कंपन्या बहुधा विमाने विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. मालक वेगळा, चालवणारा वेगळा. किंगफिशरचे भाडे थकले तेव्हा मालक कंपन्यांनी विमाने काढून नेण्याचा सपाटा लावला. काही नेता आली, काही वर्षानुवर्षे धूळ खात पडली. परदेशी मालकांना विमान परत मिळण्याची हमी असावी म्हणून २०२५ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला, त्यामागे असलेच अनुभव आहेत. आपल्या शरीअतमधील 'इजारा' याच स्वरूपाचा व्यवहार आहे: वस्तू मालकाची राहते, वापराचे ठरलेले भाडे घेतले जाते आणि मालकीची जोखीम मालकाकडेच राहते. आखातातील इस्लामी बँकांनी इजाऱ्याच्या पद्धतीने मोठमोठ्या विमानांना भांडवल पुरवले आहे. मात्र प्रत्येक भाडेकरार इजारा ठरत नाही. हप्ता चुकल्यास व्याज आकारण्याची अट असेल, किंवा वस्तू नष्ट झाली तरी भाडे चालूच राहणार असेल, तर नाव काहीही दिले तरी व्यवहार बदलतो. यंत्रमाग, छपाईयंत्र किंवा टेम्पो असा करार करून घेणाऱ्या बांधवांनी सही करण्यापूर्वी ही दोन कलमे वाचावीत आणि जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

चिमणी आणि त्यानंतर

किंगफिशर गेल्यावर सोलापूरचा विमानतळ ओस पडला. केंद्र सरकारची 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची सिमला-दिल्ली सेवा सुरू झाली, त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही. दोन्ही ठिकाणी एटीआरच होते. सोलापूरचे नाव सुरुवातीच्या फेरीतच यादीत होते, पण विमान काही येईना. आड आली ती सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी. विमानाच्या वाटेत चिमणी की चिमणीच्या वाटेत विमान, यावर शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांना बसलेली झळ खरी होती, आणि विमानासाठी ताटकळलेल्या व्यापाऱ्याची अडचणही खरी होती. या वादात आम्ही पडत नाही. एवढेच म्हणतो की ज्या सेवेसाठी इतकी किंमत मोजली, ती टिकवण्याची काळजीही तेवढीच घ्यायला हवी. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दुरून कळ दाबून नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन केले. पहिले विमान येण्यास त्यानंतरही आठ महिन्यांवर काळ गेला.

फ्लाय ९१ ही कंपनी मार्च २०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरून सुरू झाली. तिचे प्रमुख मनोज चाको हे पूर्वी किंगफिशरमध्ये वरिष्ठ अधिकारी होते. त्यामुळे त्या कंपनीचा उदय आणि अस्त त्यांनी आतून पाहिलेला आहे. नव्या कंपनीने ताफ्यात एकच जात ठेवली, एटीआर ७२-६००. पहिली विमाने दुबईच्या भाडेपट्टा कंपनीकडून घेतली. वैमानिक एकाच जातीचे, सुटे भाग एकाच जातीचे, कारागीर एकाच जातीच्या यंत्रावर हात बसलेले. सिंधुदुर्ग, जळगाव अशी लहान ठिकाणे तिने निवडली. आमच्या मते हा शहाणपणाचा आरंभ आहे, पण आरंभच आहे. ज्या थोड्या विमानांवर सारा पसारा, त्यातले एक दुरुस्तीला गेले की चार गावांची वेळापत्रके कोलमडतात.

मुंबई सोडून गोवा का, असाही प्रश्न निघाला. मुंबईच्या धावपट्टीवर दर दोन-तीन मिनिटांना एक विमान उतरते. तेथे ७० माणसांच्या विमानाला दिलेली वेळ म्हणजे १८० माणसांच्या विमानाची घालवलेली वेळ. म्हणून लहान विमानांना तेथे सोयीची वेळ मिळत नाही. सोलापूर-मुंबई सेवा स्टार एअरने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू केली, पण ती एम्ब्रेअर या लहान जेटवर आणि राज्य सरकारने खुर्चीमागे तूट भरून देण्याचे कबूल केल्यावर. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तेथे लहान विमानांना जागा मिळाली तर पंख्याचे विमानही पुन्हा मुंबईच्या वाटेला लागू शकेल.

मालासाठी नाही, माणसासाठी

आता केमच्या व्यापाऱ्याचा प्रश्न. या विमानातून माल जाईल काय? स्पष्ट सांगायचे तर जवळजवळ नाही. विमान प्रवाशांनी आणि त्यांच्या बॅगांनी भरले की वर उरते ते काही शे किलो, म्हणजे कुंकवाची मोजकी पोती. एका ट्रकच्या कोपऱ्यात मावेल एवढा हा माल, आणि भाडे ट्रकच्या कितीतरी पट. कुंकू, चादर, केळी यांची वाट ट्रक, रेल्वे आणि बंदर हीच राहणार. करमाळ्याची केळी आखातात जातात ती थंड कंटेनरमधून जहाजाने. विमानतळ झाला म्हणून ती विमानात चढणार नाहीत. कोणी पुढारी भाषणात तसे म्हणाला तर त्याला पोत्याचे वजन विचारावे.

पण माणसाचे तसे नाही. खरेदीदार, यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री, नमुन्यांची पेटी घेतलेला विक्रेता, हे बसने रात्रभर धक्के खात गोव्याला जातात त्याऐवजी तासा-सव्वातासात पोचतात. गोव्यातील हॉटेले चादरी आणि टॉवेलची मोठी गिऱ्हाइके आहेत. ज्याचा माल तेथे जातो त्याने वर्षातून दोन वेळा स्वतः जाऊन वसुली आणि नवी मागणी उरकली तर तिकीट वसूल होते. उमरा किंवा आखातातील नोकरीसाठी जाणाऱ्यांना मात्र मुंबई अथवा हैदराबाद हीच वाट अधिक सरळ आहे. त्यांनी केवळ नवे विमान आले म्हणून गोव्याचा फेरा घालू नये.

पंख्याच्या विमानाची भीती वाटते असे म्हणणारेही आहेत. नेपाळमध्ये पोखरा येथे १५ जानेवारी २०२३ रोजी एटीआर ७२ कोसळून ७२ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाच्या हातून पंख्यांचे दांडे चुकीच्या जागी ओढले गेले, असे चौकशीत आढळले. ब्राझीलमध्ये ९ ऑगस्ट २०२४ रोजी दुसरे कोसळले, ६२ जण गेले. तेथे पंखांवर बर्फ साचण्याचा संबंध दिसून आला. या घटना लपवण्याचे कारण नाही. मात्र एटीआरची शेकडो विमाने जगभर रोज उडतात, आणि दख्खनच्या पठारावर कडक थंडीच्या देशांइतका बर्फाचा धोका नाही. पावसाळ्यातील ढगांचे हेलकावे मात्र या विमानात जेटपेक्षा अधिक जाणवतात, कारण ते कमी उंचीवरून जाते.

खरी भीती वेगळी आहे. उडान योजनेत निम्म्या खुर्च्यांचे दर ठरवून दिलेले असतात आणि त्यातील तूट सरकार भरते, पण ती तीन वर्षेच. चौथ्या वर्षी कंपनीला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. समजा ७२ पैकी ५० खुर्च्या भरल्या तर फेरी सुटते, आणि ४५ भरल्या तर तोटा होतो. हा पाच खुर्च्यांचा फरक आहे. नांदेड-हैदराबादची ट्रूजेट कंपनी २०२२ साली बंद पडली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांना हा फरक कळला. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, कुर्डुवाडी येथील व्यापारी संघांनी आपल्या सभासदांपैकी किती जण महिन्यात गोवा, मुंबई, हैदराबाद करतात याची नुसती मोजदाद केली, तरी कंपनीशी वाराबद्दल आणि वेळेबद्दल बोलताना हातात काही असेल. बोरामणीच्या नियोजित मोठ्या विमानतळाची वाट पाहत बसण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे.

केमच्या माणसाने एक हिशेब आणखी धरावा. केम स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात. सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्री सोलापुरात मुक्काम करावा लागतो, नाहीतर पहाटे गाडी करून शंभर किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडावे लागते. मुक्कामाचे किंवा गाडीचे पैसे, स्टेशनपासून होटगी रस्त्यापर्यंतची रिक्षा आणि परतीची तीच कथा, एवढे सारे तिकिटात मिळवून मग रात्रीच्या बसशी तुलना करावी. दोघे-तिघे मिळून गेल्यास गाडीचा खर्च वाटला जातो, आणि तेव्हा विमान बसच्या पुष्कळ जवळ येते.